एका माणसाचा डोंगा

मी एक जुना डोंगा आहे, मित्रांनो, एकाच खोडातून कोरलेली होडी. मार्कंड्याच्या देवळांच्या अलीकडे एक नाला वैनगंगेला मिळतो. त्याच्या काठच्या लहानशा गावात माझं आयुष्य गेलं. मी लांब आहे, पण इतका अरुंद, की माझ्यात एकच माणूस गुडघे मुडपून बसू शकतो.

मला वारलूभाऊंनी घडवलं. ते ढिवर, मासेमारी करणारे. वादळात पडलेल्या आंब्याचं खोड त्यांनी काठावर ओढत आणलं, कुऱ्हाडीनं माझा आकार काढला, वासल्यानं पोट कोरलं आणि मोहाच्या बियांचं तेल चोळून चोळून मला पाजलं. त्यांची बायको प्रेमिलाबाई दुपारी शिदोरी घेऊन यायची आणि रुसून म्हणायची, "एवढा लांब डोंगा, अन् बसाले जागा एकाचीच? मी काऊन नाई येऊ?"

"दोघं बसलो का उलटन तो," वारलूभाऊ हसायचे. "तुह्यासाठी दुसरा करतो. मोठा."

दुसरा डोंगा कधी झालाच नाही. पावसाळे गेले, पोरीचं लग्न झालं, हात कामातून मोकळे झाले नाहीत. वारलूभाऊ रोज एकटेच मला घेऊन वरच्या अंगाला जात. प्रेमिलाबाई काठावर उभी राहायची आणि मी वळणाआड गेलो की घरी परतायची. वारलूभाऊंचा धाकटा भाऊ मनसाराम माझं कौतुक करायचा, "भाऊचा डोंगा पाण्यावर पान चालल्यावानी चालते." मला फार अभिमान वाटायचा.

एका हिवाळ्यात जाळं लावून परत येताना वारलूभाऊंच्या हातातून वल्हं गळून पडलं. ते माझ्या पोटातच आडवे झाले. धारेनं मला हळूहळू गावाच्या काठाला लावलं. लोक धावले. त्यांना गाडीत घालून गडचिरोलीला नेलं. तिथून त्यांचा देहच परत आला.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिलाबाई काठावर आली आणि मला पाण्याकडे ढकलू लागली. मनसाराम धावत आला.

"वैनी, काय करून राह्यली?"

"त्यायनं लावलेला जाळा तसाच हाय पाण्यात. आणाले जातो."

"मी आणतो ना. तुले वल्हं माराले येत नाई."

"तुमी नका येऊ, भाऊजी. मलेच जाऊ द्या."

तिच्या आवाजात असं काही होतं, की मनसाराम बाजूला झाला.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. तिनं वल्हं मारलं आणि मी गोल फिरलो. पुन्हा मारलं, पुन्हा फिरलो. ती दचकून एका कडेला झुकली, तसं पाणी आत आलं. काठावरून मनसाराम ओरडला, "खाली बस, वैनी! खाली!" ती माझ्या तळाशी बसली, दोन्ही कडा घट्ट धरून. मग तिनं पदर खोचला आणि पुन्हा वल्हं उचललं, या वेळी हळू.

वळण गेलं. पुढे करंजाची झाडं दोन्ही बाजूंनी पाण्यावर वाकलेली आहेत. तिथंच ते जाळं होतं. मासे सडून गेले होते, पण नुकतंच अडकलेलं एक कासव अजून जिवंत होतं. प्रेमिलाबाईनं कमरेला खोचलेला विळा काढला. जाळ्याचा एक दोरा तुटला तरी हळहळणाऱ्या घरातली ती बाई, पण तिनं जाळं फाडलं आणि कासवाला सोडून दिलं.

मग ती तशीच बसून राहिली. नाल्यात वाऱ्याचाही आवाज नव्हता.

"इतकं निवांत हाय इथी," ती वारलूभाऊंना म्हणाली, जणू ते समोरच बसले होते. "मले कधी सांगतलंच नाई तुमी."

आणि ती रडली. तेरवीपर्यंत तिच्या डोळ्यांत कुणाला पाणी दिसलं नव्हतं.

त्यानंतर ती अधूनमधून एकटीच मला घेऊन जायची. मासे फारसे मिळायचे नाहीत. तिलाही त्याची फिकीर नव्हती. पुढे तिचे गुडघे गेले. तिची पोरगी दिव्यानी तिला नागभीडला घेऊन गेली आणि मी काठावर पालथा पडलो. माझ्या सावलीत शेळ्या बसू लागल्या. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, आणि एक दिवस मी टोकापासून मध्यापर्यंत तडकलो.

यंदा गावातल्या एका लग्नाला ती आली होती. काठी टेकत माझ्याजवळ आली आणि भेगेवरून बोट फिरवत राहिली.

"भाऊजी, याले पाण्यात लोटा."

"फुटला हाय तो, वैनी. बुडन."

"बुडू द्या. पण असा उन्हात नका मारू त्याले."

मनसारामनं मला लोटलं. भेगेतून पाणी आत आलं, गार. माझं कोरडं लाकूड ते घटाघटा प्यायलं. ती गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि मी पूर्ण बुडेपर्यंत तिनं माझ्यावरचा हात काढला नाही. मग दिव्यानीनं हाक मारली. बसची वेळ झाली होती.

मित्रांनो, आता मी उथळ पाण्यात तळाशी आहे. मला दुःख माझं नाही. मी जिथला, तिथं आहे. तुम्ही कधी नागभीडला गेलात, तर स्टेशनामागच्या वस्तीत एक म्हातारी दारात बसलेली दिसेल. येणारेजाणारे तिला जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच विचारतात. तुम्ही थोडा वेळ तिच्यापाशी बसा आणि तिला नाल्याबद्दल विचारा. तिला खूप सांगायचं आहे.