तुटका कोपरा

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं गेली एकवीस वर्षं त्याच्यावरच भरतंय, त्यामुळे म्हणींवर माझा फारसा विश्वास नाही. स्वभावही तिरसट. तुटलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात, आणि कुणी "राहू दे" म्हणालं की जास्तच.

बाबा तसंच म्हणाले होते. त्यांच्या पुढच्या दाताचं रूट कॅनाल मीच केलं. आत पोखरलेला दात कच्चा होतो, त्यावर टोपी घालावी लागते. पण चांगला दात उगाच घासायला माझं मन धजत नाही. जेमतेम नखाच्या जाडीइतका थर काढला, बाकीचा शाबूत ठेवला आणि वर सिरॅमिकची पातळ टोपी बसवली. रंग असा जुळला की ती बनवणाऱ्या लॅबवाल्या काकांना मी आपणहून फोन करून शाबासकी दिली. ती मी सहसा कुणाला देत नाही.

त्या दाताचा खालचा कोपरा तुटका होता. लग्नाआधी बाबांनी पैजेवर दाताने बाटली उघडली होती, त्याची ती निशाणी.

"तेवढा राहू दे गं," बाबा म्हणाले.

"म्हातारपणी तुटका दात मिरवायची हौस आहे का?" मी म्हटलं आणि टोपी अख्ख्या कोपऱ्याची करून घेतली.

टोपी बसवली त्या संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो. आई दारातच उभी होती. तिने बाबांना नीट निरखलं.

"कोण पाहिजे? आमचे हे बाहेर गेलेत. येतील इतक्यात."

आईचं विसरणं दोन वर्षं चाललं होतं. आधी चाव्या, मग शेजारी, मग सख्खा भाऊ. मला कधी मुलगी म्हणून ओळखायची, कधी बहीण समजायची. बाबांना ओळखायला मात्र ती एकदाही चुकली नव्हती. आम्हाला वाटायचं, आवाजावरून ओळखते.

पाच दिवस बाबा गॅलरीत झोपले. परका पुरुष खोलीत आला की ती किंचाळायची. सहाव्या दिवशी मला म्हणाली, "अगं, ते अजून आले नाहीत. हसले की इथे फट दिसते बघ," आणि तिने स्वतःच्या दाताच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

मी तडक दवाखाना गाठला. काम सुरू करण्याआधी आम्ही प्रत्येकाच्या दातांचा प्लास्टरचा साचा करून ठेवतो. बाबांचा कपाटात होता, तुटक्या कोपऱ्यासकट. त्यावर पेन्सिलने, माझ्याच अक्षरात: 'कोपरा दुरुस्त करणे.' पेशंटच्या खुर्चीत मी मटकन बसले आणि पोटभर रडले.

"ताई, लोक धड करून मागतात, तुम्ही तोडायला निघालात?" लॅबवाले काका फोनवर म्हणाले. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "पाणी सोडून हळूहळू घासा. कोरडं घासलंत तर तडा जाईल. आणि नंतर पॉलिश विसरू नका."

दुसऱ्या दिवशी बाबा खुर्चीत आणि आई समोरच्या स्टुलावर, पर्स मांडीवर गच्च धरून. साचा शेजारी ठेवून मी माझं सगळ्यात चांगलं काम बिघडवायला घेतलं. बाबांना दुखणार नव्हतं, त्या दातात नस उरलीच नव्हती. तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काम झाल्यावर बाबा उठले, आईसमोर जाऊन हसले. तिने अंगठ्याने तो कोपरा चाचपला.

"आलात? किती वेळ लावलात!" म्हणाली आणि त्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावू लागली.

मी मास्क काढून तिच्याजवळ गेले. तिने माझ्याकडे पाहिलं, अवघडून थोडी मागे सरकली, मग बाबांच्या कानाशी लागली.

"बाई चांगल्या आहेत हो. पण रडताहेत का? कुणाची मुलगी?"

"आपलीच," बाबा म्हणाले.

"काहीतरीच तुमचं!" आई हसली. बाबांचा हात धरून दाराशी गेली आणि वळून मला म्हणाली, "येतो हं डॉक्टर. फार उपकार झाले तुमचे."