लाल ठिपक्याचा टेप

मंचरला हायवेच्या कडेला आमचं गाड्यांचे टेप विकायचं दुकान आहे. टेप गाडीत बसवायचं काम माझा नवरा अमृत करायचा, दुरुस्ती आणि भाव माझ्याकडे. दुरुस्ती मला कुणी शिकवली नाही. एक बंद पडलेला टेप उघडला, तो कायमचा बंद पडला. दुसरा उघडला, तो थोडा वाजला. असं करत हात बसला. भावाचंही तसंच, चुकत चुकत.

जुन्या टेपचा भाव विचित्र चालीचा असतो. कंपनी ती वस्तू बनवत असते तोवर जुनीला कुणी विचारत नाही. कंपनीने ती बंद केली की अजून दोन वर्षं कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना नवं हवं असतं. मग लोकांच्या ध्यानात येतं की घरात दीडशे कॅसेटा पडल्यात आणि वाजवायला काही नाही. आमच्याकडे हे २००४ च्या सुमाराला झालं. सीडीचे प्लेअर आले होते, पण घोडेगावच्या रस्त्याला सीडी दर खड्ड्याला उडी मारायची. अभंगाचं पहिलं चरण लागायचं, शेवटचं लागायचं, मधला देव गायब. माणसं भरून नेणारे वडापचे जीपवाले पुन्हा कॅसेटवर आले, आणि ज्या जपानी टेपला मी सातशे सांगत होते त्याच टेपला साडेतीन हजार सांगू लागले. लोक देत होते.

भाव सांगताना एक रीत मात्र मी पहिल्यापासून पाळली होती. टेप कुठल्या गाडीतून निघालाय ते गिऱ्हाइकाला सांगायचं. मालकाने हौसेने बदलला असेल तर तो घरचा. त्या गाडीत किंवा गाडीखाली माणूस गेलेलं असेल तर तो घाटातला, मग अपघात भर बाजारात का झालेला असेना. घाटातल्या टेपच्या पाठीवर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे आणि भाव निम्मा लावायचे. घेणारा लिंबू उतरवून बसवायचा. न घेणारा हातसुद्धा न लावता दुसरा दाखवा म्हणायचा. ठिपक्यामुळे माझं नाव झालं होतं. मंचरच्या आशावहिनीकडं खोटं मिळत नाही, असं लोक म्हणायचे, आणि मी ते ऐकत राहायचे.

तसा एक लाल ठिपक्याचा टेप तीन वर्षं फळीवर पडून होता. जुन्नरच्या कुशाबा भंगारवाल्याने तो दोनशे रुपयांना दिला होता. देताना म्हणाला, माणूस गेलंय, ठिपका द्या. कोण गेलं, कसं गेलं, मी विचारलं नाही. ठिपका दिला की माझं काम संपलं, असं मला वाटायचं.

मग महाळुंगे पडवळचा सोनबा आला. तिशीचा, अंगाने दणकट, बोलायला मऊ. त्यांची घरची मेंढरं होती. बापाच्या मनाविरुद्ध त्याने ती विकून जीप घेतली, आणि महिनाभरात बाप, हौशीराम, गेला. बाप जिवंतपणी त्या जीपमध्ये एकदाही बसला नव्हता. सोनबा मंचर-घोडेगाव भाडं मारायचा, आणि बिनगाण्याच्या जीपमध्ये पोरं बसत नाहीत म्हणून त्याला टेप हवा होता. त्या दिवशी दुकानात चालू टेप तोच एक होता. सोनबाने पैसे मोजूनच आणले होते, पूर्ण साडेतीन हजार. मी आत गेले, चिंधीवर थिनर घेतलं आणि ठिपका पुसला. दोनदा घासताच निघाला. बाहेर येऊन म्हणाले, घरचा आहे, डॉक्टरच्या गाडीतला. डॉक्टर कुठून सुचला कुणास ठाऊक.

पंधरा दिवसांनी तो परत आला. टेप मधेच गप्प होतो आणि आपोआप सुरू होतो, म्हणाला. मी टेप खोलला, हेड पुसलं, पट्टा बदलला, शंका होती तिथे सोल्डरचे नवे डाग दिले. दोन दिवस दुकानात सलग वाजवला. एकदाही थांबला नाही. सोनबाने तो पुन्हा बसवून घेतला आणि आठवड्याने पुन्हा आला. या वेळी टेप काढू देईना. म्हणाला, वहिनी, तुमी गाडीत बसून बघा.

मी बसले, मागच्या बाकावर. सकाळचे दहा वाजले असतील, लख्ख ऊन होतं. जीपमध्ये नऊ माणसं. त्या रस्त्याला जीपमध्ये पंधरा बसतात आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबकळत चालवतो, हे माहीत असलेल्याला नऊ म्हणजे काय ते कळेल. ड्रायव्हरशेजारची सीट मोकळीच होती. एक पोरगं तिथे बसायला गेलं तर सोनबाने त्याला मागे घातलं.

घोडेगावच्या अलीकडे एका वळणावर त्याने वेग कमी केला. तिथे कुणी उभं नव्हतं. दोन्हीकडे कांद्याची वावरं, माणूस दिसायचं झालं तर लांबूनच दिसलं असतं. जीप अगदी सावकाश झाली आणि गाणं थांबलं. बिघाडाने थांबतं तेव्हा आवाज ओढल्यासारखा होतो, जाड होतो. हा तसा थांबला नाही. कुणीतरी बटण हळूच मागे फिरवावं तसा बारीक होत गेला. मी मनात मोजत होते. म्हाताऱ्या माणसाने पायरीवर पाय ठेवायचा, दांडी धरायची, वर यायचं, पिशवी मांडीवर घ्यायची, लुगड्याचा काठ आत ओढायचा, एवढा वेळ गेला. मग गाणं जिथे थांबलं होतं त्याच शब्दापासून सुरू झालं. मागची माणसं आपापल्या पिशव्या सांभाळत बाहेर बघत राहिली. सगळ्यांना ठाऊक होतं.

घोडेगावात माणसं उतरल्यावर सोनबाने सांगितलं. आधी तो त्या सीटवर माणूस बसवायचा, तेव्हा टेप त्या दिवशी पुन्हा वाजायचाच नाही. सीट मोकळी ठेवली की वाजायचा. आता लोक त्याला हसत होते, सोनबाची पुढची सीट रिझर्व्ह हाय म्हणत होते. हसून झालं की दुसऱ्या जीपमध्ये बसत होते. भाडं निम्म्यावर आलं होतं. चाकणचा एक दलाल जीप बघून गेला होता, येत्या शुक्रवारी व्यवहार करू म्हणाला होता.

"माझंच चुकलंय वहिनी," सोनबा म्हणाला. "बाप नको म्हनत व्हता, मी मेंढरं इकली. आता त्यो गाडी चालू देत न्हाई. टेपात खोट असती तर बरं झालं असतं. एकदाच सांगा, टेप घरचाच हाय ना?"

त्याचं तोंड बघून खरं बोलायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "घरचाच."

परत येताना मी त्या मोकळ्या सीटकडे बघायचं टाळत होते. सीटवरचं रेक्झिन मधोमध खोलगट झालं होतं. रेक्झिन तसंही होतं, असं मी स्वतःला सांगितलं. त्या रात्री जेवायला बसलो. अमृतला सगळं सांगितलं. तो कमी बोलतो. ताटातलं संपवून म्हणाला, "थिनरचा वास मला तवाच आला व्हता."

बुधवारी मी महाळुंग्याला जायचं ठरवलं होतं, पण मंगळवारी सकाळीच सोनबाची आई दुकानात आली. ठमाबाई. सोनबा जीप लावून मागून येत होता. तिच्या काखेत नवीकोरी घोंगडी होती, ती तिने माझ्या टेबलावर ठेवली, सोल्डरिंगच्या तारांवर. म्हणाली, शेवटच्या लोकरीची हाय, तुला आणलीय.

मला समजेना. मग तिने सांगितलं. म्हातारा मेला तो तिच्याशी न बोलता मेला होता. मेंढरं विकायला तिनेही लेकाची बाजू धरली होती, म्हणून शेवटचे वीस दिवस त्याने तिच्याशी अबोला धरला होता. आता तो जीपमध्ये बसून हिंडतोय, म्हणजे राग गेला. पोरगं भितंय, पण ती रोज सकाळी पहिल्या फेरीला मागच्या बाकावर बसून घोडेगावला जाऊन येत होती. टेप गप्प झाला की ती डोक्यावरचा पदर सारखा करायची.

"पोराला सांग, गाडी इकू नको म्हनून," ती म्हणाली. "तुझं ऐकंल. तुझ्या टेपानं आनलाय त्याला."

मी घोंगडीकडे बघत होते. गप्प बसले तर सोनबा शुक्रवारी जीप विकणार होता, बापाचा शाप डोक्यावर घेऊन. बोलले तर या बाईचा नवरा दुसऱ्यांदा जाणार होता. तोवर सोनबा दारात येऊन उभा राहिला होता.

मी सांगितलं. ठिपका, थिनर, डॉक्टर, सगळं. सांगताना फळीवरच्या टेपांकडे बघत राहिले. बोलून झालं. हायवेवरून दोन ट्रक गेले. सोनबाने मला शिवी दिली असती तर मी ती दोन्ही हातांनी घेतली असती.

ठमाबाईने घोंगडीचा कोपरा दुमडला, उलगडला, परत दुमडला. "मंग कोन बसतंय?" तिने विचारलं.

 मी कुशाबाला फोन लावला. आधी तो जुना धंदा, आठवत नाही वगैरे म्हणाला. मग आठवलं. ड्रायव्हर मेलाच नव्हता. नारायणगावच्या पुढे, ओझरच्या रस्त्याला, एक म्हातारी जीपमध्ये चढत होती. सारजाबाई नावाची. ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला निघाली होती. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, आणि ती थांब रे, थांब रे, म्हणत होती. टेप मोठ्याने चालू होता. ड्रायव्हरला ऐकूच गेलं नाही, त्याने गाडी सोडली आणि म्हातारी चाकाखाली गेली. दुसऱ्या दिवशी त्याने तो टेप हाताने उपटून काढला, वायरीसकट, आणि कुशाबाच्या वजनकाट्यावर ठेवून पैसे न घेता निघून गेला. त्यानंतर तो कुठल्याच गाडीत बसलेला नाही, एसटीतसुद्धा. फुकट मिळालेल्या मालाचे दोनशे माझ्याकडून घेतल्याचं कुशाबाच्या आता ध्यानात आलं असावं. त्याने घाईने फोन ठेवला.

मी ऐकलं तसं दोघांना सांगितलं. सोनबा जीपकडे बघत होता. मग मला म्हणाला, "म्हंजी टेप गप हून तिला चढू देतोय. रोज." त्याने मला वहिनी म्हटलं नाही.

टेप मी परत घेते, साडेतीनच्या साडेतीन हजार देते, असं मी म्हणाले. पैसे काढायला गल्ला उघडलासुद्धा. ठमाबाईने हात आडवा केला. डोळे पुसून झाले होते तिचे, कधी पुसले ते मला दिसलं नव्हतं.

"टेप काडला तर ती कुठं जाईल?" ती म्हणाली. "निम्म्या वाटंत अडकलीय बिचारी. तीन वरीस चढतीय, पन पोचतीय कुठं? घोडेगावला नेऊन सोडतोय आपन तिला, काय काम हाय तिचं घोडेगावात? सोन्या, गाडी काड."

मी दुकान अमृतवर टाकून मागे बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि नकोही म्हटलं नव्हतं. कळंबचा पूल ओलांडला, नारायणगाव गेलं. सोनबाने टेपात एक भजनाची कॅसेट घातली होती, आवाज बेताचा. ओझरचा रस्ता लागल्यावर त्याने एका ठिकाणी वेग कमी केला. नेमकी जागा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. टेप गप्प झाला. सोनबाने जीप पूर्ण थांबवली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मागून एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न दिला आणि शिव्या घालत पुढे गेला. या वेळी गाणं बऱ्याच वेळाने सुरू झालं. इतकी निवांत वाट तिच्यासाठी आजवर कुणी पाहिली नसावी.

ओझरला देवळाच्या अलीकडे, नारळाच्या दुकानांपाशी, सोनबाने जीप उभी केली. तो उतरला, फिरून पुढच्या बाजूला गेला आणि दाराच्या जागी लावलेली साखळी सोडली. ठमाबाई मागून म्हणाली, "उतर बाई, आलं ओझर. सावकाश."

टेप गप्प झाला.

आम्ही थांबलो. नारळवाला आमच्याकडे बघत होता, रिकाम्या सीटसमोर साखळी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे. कॅसेटची चाकं आत फिरताना मला दिसत होती. दिवा लागलेला होता. मी मागून वाकून आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. नुसता सूं असा आवाज आला, रिकाम्या घरात येतो तसा. पंचवीसेक वर्षं टेप उघडतेय मी. त्या टेपमध्ये बिघाड नव्हता. तरी तो पुन्हा गायला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

ठमाबाई देवळात गेली, पाच मिनिटांत आली. प्रसाद तिने तिघांना सारखा वाटला. मला देताना हात जरा आखडला, पण दिला.

परतीला जीपमध्ये इंजिनाखेरीज आवाज नव्हता. सीट तशीच मोकळी. ओझर मागे पडल्यावर एका शेताच्या कडेला एक गडी टोमॅटोची क्रेट घेऊन उभा होता, त्याने हात केला. सोनबाने जीप थांबवली आणि सवयीने त्याला मागे या म्हणाला. मागे आम्ही दोघी ऐसपैस, क्रेट मावली असती.

"मागं कशाला?" ठमाबाई म्हणाली. "फुडं जागा हाय की. बसा पावनं, फुडं बसा."

सोनबाने आरशातून आईकडे बघितलं. ती बाहेर बघत होती. गडी चढला, क्रेट मांडीवर घेतली, रेक्झिनवर जरा हलून बस्तान बसवलं आणि नारायणगावचे किती म्हणून विचारलं. सोनबा पाच म्हणाला. सगळे चारच घेतात, असं गड्याने सुरू केलं, आणि त्यांचं ते नारायणगावपर्यंत चाललं. दलालाला येऊ नको सांगायचंय, असं मधेच सोनबा म्हणाला. गड्याला वाटलं आपल्यालाच, तो म्हणाला, कोण दलाल?

ठमाबाई माझ्याकडे सरकली. मंदिरातला गुलाल तिच्या बोटांना होता, तो तिने गुडघ्यावर पुसला.

"आमच्या म्हाताऱ्याला गाडी लागायची," ती हळूच म्हणाली. "दोन मैल गेलं की ओकायचा. त्यो कशाला बसतोय रोज."