झांबिया नव्हे, गांबिया

मित्रांनो, भिंतीवर टांगलेले जुने नकाशे तुम्ही शाळेत पाहिले असतील. त्यांच्यातलाच मी एक. पण माझ्यावर ना भारत आहे, ना महाराष्ट्र. माझ्यावर आहे पश्चिम आफ्रिकेतला गांबिया. "कुठला?" असंच आलं ना मनात? सगळ्यांच्याच येतं. निम्मे लोक तर मला झांबियाच समजतात. अहो, झांबिया कुठे आणि मी कुठे! त्याला समुद्राचं तोंडही पाहायला मिळत नाही. एका अक्षरापायी जन्मभर दुसऱ्याच्या नावाने ओळखलं जायचं, हे दुखणं सांगावं तरी कोणाला?

बांजुल या राजधानीतल्या एका लहानशा छापखान्यात माझा जन्म झाला. माझा देश म्हणजे एक नदी आणि तिचे दोन काठ, बस्स. तीन बाजूंनी सेनेगल, चौथ्या बाजूला अटलांटिक महासागर. समुद्राचं खारं पाणी नदीत खूप आतवर शिरतं. भुईमूग मात्र जिकडेतिकडे पिकतो.

मला शिरीषने विकत घेतलं. पुण्याचा हा इंजिनिअर रस्त्यांच्या सर्वेक्षणासाठी फराफेन्नी गावात येऊन राहिला होता. त्याच्या खोलीत एक खाट, एक पंखा आणि मी. बायको हेमा आणि तान्ही सावनी तिकडे पुण्यात. वीज गेली की फोनही मान टाकायचा, मग शिरीष माझ्याशीच गप्पा मारायचा. नदीकाठच्या एका गावापाशी त्याने माझ्यावर पेन्सिलीने 'दाणे उत्तम' असं लिहूनही ठेवलं. तेव्हा नदी ओलांडायला फेरीबोट होती आणि तिच्यासाठी ट्रकांच्या ही लांब रांगा लागत. पुढे पूल झाला. त्या दिवशी शिरीषने लाल पेनने माझ्या नदीवर आडवी रेघ मारली आणि खोलीत एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग आम्ही बहारीनला आलो. हूरामध्ये फ्लॅट, सित्राला नोकरी, जायला-यायला कंपनीची बस. हेमा आणि सावनीही इकडे आल्या. घर भरलं, पण भिंतीवर मोठा टीव्ही चढला आणि माझी गुंडाळी होऊन रवानगी कपाटामागे झाली. शिरीष कधीमधी तिकडची गोष्ट काढायचा. "बाबा, नॉट अगेन!" म्हणत सावनी कानात इअरफोन घालायची. हेमा बँकेतून दमून आलेली असायची. हळूहळू त्याने गोष्टी काढणंच सोडून दिलं. घरात तीन माणसं असूनही तो फराफेन्नीतल्यासारखाच मुकाट्याने जेवायचा. मला कपाटामागे फार वाईट वाटे. त्याची ती वर्षं पाहिलेला या घरात मी एकटा होतो. मी गेलो असतो, तर तीही गेली असती.

आणि जायची वेळ आलीच. यंदा फ्लॅट बदलायचं ठरलं. आवराआवरीत हेमाने मला बाहेर ओढलं.

"शिरीष, हे ठेवायचंय का रे? नाहीतर खलास करून टाकू."

शिरीषने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "टाक," म्हणाला.

दाराशी मोडक्या मिक्सरशेजारी मला उभं करून ठेवलं. सकाळी वॉचमन खिजर येऊन आम्हा दोघांना घेऊन जाणार होता.

त्या रात्री जेवताना सावनी म्हणाली, "देअर्स मॉडेल यूएन इन स्कूल, लाइक अ मॉक युनायटेड नेशन्स डिबेट. एव्हरीवन रिप्रेझेंट्स अ कंट्री. आय गॉट झांबिया."

शिरीषचा घास हातातच राहिला. "गांबिया?"

"नो बाबा, झां..."

पण तो ऐकायला जागेवर होता कुठे! उष्ट्या हाताने दाराशी धावला, डाव्या हाताने मला उचललं आणि टेबलावर पसरलं. सावनीने आईकडे पाहिलं. हेमाने नुसतीच मान हलवली: असू दे.

"तिथे मत कसं देतात माहितीय? गोट्यांनी!" शिरीष सांगू लागला. "प्रत्येक उमेदवाराचा एक ड्रम. नळीतून गोटी आत सोडायची, आतली घंटी टण्ण वाजते. दोनदा वाजली तर बाहेर बसलेला अधिकारी लगेच पकडणार! वाचता येत नसलं तरी काही अडत नाही."

"मार्बल्स? सीरियसली?" सावनीने खुर्ची पुढे ओढली.

"अगं, त्या दिवशी केंद्राजवळ सायकलला बंदी! तिची घंटी ऐकून घोटाळा व्हायचा ना!"

सावनी खो खो हसली. त्या घरात शिरीषच्या गोष्टीवर कोणी हसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने स्वयंपाकघरात आईला हळूच सांगितलं, "आय स्वॅप्ड कंट्रीज. अर्सलान इन माय क्लास हॅड गांबिया. डोन्ट टेल बाबा, ओके?"

स्पर्धा झाली. बक्षीस दुसऱ्याच कोणाला मिळालं. माझं काम संपलं होतं आणि खिजरची वाट पाहायला मी मनातून तयारही झालो होतो. शिरीष खोकी बांधत होता. सावनी त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी ती मुलगी शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "बाबा, तिथे तुला... एकटं वाटायचं?"

चिकटपट्टी ओढणारा हात थांबला.

"हो गं," तो म्हणाला. "फार."

दारात उभी असलेली हेमा म्हणाली, "मी कधी विचारलंच नाही रे."

मित्रांनो, नव्या घरात मला भिंत मिळेल की पुन्हा कपाटामागचा अंधार, ठाऊक नाही. जुने नकाशे जपा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात दूरदेशी राहून आलेलं कोणी असेल, तर त्याच्यापाशीही घटकाभर बसा. माझ्यावर नद्या आहेत, गावं आहेत, रस्ते आहेत. तिथे राहिलेल्या माणसाला कसं वाटत होतं, ते मात्र माझ्यावर कुठेच छापलेलं नाही. ते त्यालाच विचारावं लागतं.