आपला पेशंट

आखातातल्या लुसैल शहरात, बांधकाम कंपनीच्या क्लिनिकमध्ये, डॉक्टर गंधार एका गोष्टीला फार जपायचा. हा मराठी पेशंटवर जास्त मेहेरबान असतो, असं कुणी म्हणायला नको.

त्याला कारण होतं. फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधी टॉवर उभे करायची घाई, कामगार हजारोंनी. कंपनीने त्या वर्षी नवीनच टूम काढली. प्रत्येक डॉक्टरला वर्षाचं ठरावीक बजेट. त्याच्या वाट्याच्या कामगारांचे एमआरआय, स्पेशालिस्ट, ऑपरेशन, सगळं त्याने त्यातूनच बाहेरच्या हॉस्पिटलांकडून विकत घ्यायचं. कुणाला पाठवायचं, कुणाला गोळ्यांवर ठेवायचं, ते त्यानेच ठरवायचं. सुरुवातीलाच गंधारने साताऱ्याच्या दोघांना एमआरआयला पाठवलं. दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल. शेजारच्या केबिनमधली डॉक्टर फरजाना सगळ्यांसमोर हसली, "क्या गंधार, महाराष्ट्र मंडल का बजेट है क्या?"

चेष्टाच ती. पण याच्या मनाला लागली.

मग आला महिपती. बीडकडचा, टॉवरवर लोखंड बांधणारा. कंबर दुखते, कळ पायात उतरते म्हणाला. गंधारने गोळ्या दिल्या, पट्टा दिला, हलकं काम लिहून दिलं. पुन्हा आला, पुन्हा गोळ्या. त्याच आठवड्यात नेपाळचा श्याम हीच तक्रार घेऊन आला, त्याला मात्र लगेच एमआरआयला पाठवलं. महिपतीचं काय, तो आपलाच आहे, थांबेल.

तिसऱ्यांदा महिपती आला तो हसतच.

"कसं आहे आता?"

"काय नाय साहेब, बरंच हाय म्हणायचं."

मागून सिस्टर रुकैया ओरडली, "अहो दादा, चप्पल दारातच राहिली की तुमची!" मिरजेची होती ती, आवाज खणखणीत.

महिपतीने खाली पाहिलं. एक पाय अनवाणी, आणि त्याला पत्ताच नाही. "आँ? कवा पडली?"

गंधार ताडकन उठला. त्याला टेबलवर झोपवलं. "महिपती, या पायाचा अंगठा वर करा."

महिपतीने दात आवळले. अंगठा हलला नाही.

"कधीपासून असं आहे?"

"दोन-तीन दिस झाले."

"अहो, मग आधी बोलायचं नाही का?"

"तुमी आपले माणूस. पोरं म्हणत्यात, जास्त लोकं पाठवले की डॉक्टरला वरून बोलणी बसत्यात. म्हणलं माझ्यापायी कशाला."

गंधारने लगेच एमआरआयसाठी फोन लावला. तो वशिला नको म्हणून गप्प, आणि हा त्याला त्रास नको म्हणून गप्प.

संध्याकाळपर्यंत एमआरआय झाला. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. सर्जन म्हणाला, उद्याच ऑपरेशन करू, नाहीतर पाऊल कायमचं लुळं पडेल. ऑपरेशनला गंधारचं उरलेलं जवळजवळ सगळं बजेट जाणार होतं. त्याने सही केली आणि फरजानाच्या केबिनमध्ये जाऊन, श्यामच्या एमआरआयसकट, सगळं सांगून टाकलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अपने मरीज़ मेरे पास भेज. मेरे बजेट से साल निकल जाएगा. और गंधार, मेरे मज़ाक पे दवाई मत लिखा कर."

सकाळी ऑपरेशनआधी महिपतीने विचारलं, "पाय नीट होईल ना साहेब?"

"खोटं नाही सांगत. होईल असं वाटतं, खात्री नाही. आधी पाठवलं असतं तर चान्स जास्त होता. श्यामला पाठवलं, तुम्हाला थांबवलं. लोक म्हणतील मराठी म्हणून पाठवलं, याची भीती वाटली."

महिपतीचं हसू गेलं. "म्हंजे म्या मराठी बोललो, हेच चुकलं व्हय?"

वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं.

काही आठवड्यांनी महिपती काठी टेकत क्लिनिकमध्ये आला. पाऊल उचलत होतं, पण अजून जमिनीला घासत होतं. गंधार खुर्ची पुढे सरकवायला उठला. महिपती बसला नाही.

"येक सांगतो साहेब. आता लाजायचं बंद. दुखलं की बोंबलणार. तुमचं तोंड वाकडं झालं तरी बोंबलणार."

"बोंबला."

"मंग ऐका. गुडघा दुखतोय. अन् नुसत्या गोळ्या घेऊन जाणार नाय."

तेव्हा कुठे तो बसला. गंधारने खाली वाकून त्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.