बारा मशीनवर तेवीस मिनिटं

तर ऐका, नवव्या दिवशी गेम परत मेला, आणि परत तेविसाव्याच मिनिटाला. योगिताला ते स्क्रीनकडे बघून कळलंच नाही, कारण तिचे डोळे उघडे होते पण ती बघत नव्हती. अक्षयने हाक मारली तेव्हा कळलं. स्क्रीनवरची बारा लूम मशीनं जागच्या जागी थिजलेली आणि खाली लाल अक्षरांत तीच ओळ, जी नऊ दिवसांत तिला पाठ झाली होती. स्टॅक ओव्हरफ्लो.

"काकांचं फंक्शन परत स्वतःलाच बोलवायला लागलं बघ," अक्षय म्हणाला. हा जालन्याचा, गेममधले बाकीचे धडे हाच लिहायचा, आणि त्याचे धडे कधी मरत नव्हते, त्यामुळे जोक मारायला तो मोकळा. "आमच्या गावाकडं एक मामा होते, लग्नाची पत्रिका वाटता वाटता स्वतःच्याच घरी एक टाकून यायचे. तसलंच हे."

योगिता हसली नाही. नऊ दिवसांपूर्वी हसली असती.

आता हा गेम म्हणजे काही मारामारीचा नाही बरं का. सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका कापडमिलला नव्या कारीगरांना शिकवायला हवा होता, खऱ्या मशीनवर बोटं जायच्या आधी स्क्रीनवर चुकून घ्या म्हणून. भेस्तानला झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस, मालक विपुलभाई, कामाला हे दोघं, आणि खिडकीशी हेमराजकाका.

काकांना आणलं योगितानेच. दोघंही गोडादऱ्याचे, एकाच गल्लीतले. सव्वीस वर्षं काकांनी लूमच्या खात्यात काढली, मग डावा खांदा असा धरला की हात कानाच्या वर जाईना. मशीन गेली. पण मशीनची माहिती कुठे जाते? तर काका सांगणार आणि योगिता गेममध्ये घालणार असं ठरलं. आणि झालं काय, की गेम लिहिलेला सी प्लस प्लसमध्ये, म्हणजे एवढासा बदल केला तरी अख्खा गेम परत कंपाईल करा, अकरा मिनिटं. काका म्हणायचे, तार (मागावरच्या धाग्याला ते तारच म्हणत) इतकी पटकन तुटत नाही गं. की लागली अकरा मिनिटं. परत म्हणायचे, आता फारच उशिरा तुटली. परत अकरा मिनिटं. दिवसाला चार वाक्यं पुढे जायचं काम.

म्हणून तिने गेमच्या पोटात लुआचा इंटरप्रिटर बसवला. लुआ ही छोटी भाषा. त्यात लिहिलेलं कंपाईल करावं लागत नाही, साध्या फाईलमध्ये लिहा, गेम चालू करा, तो वाचून घेतो. आणि सातवी शिकलेले हेमराजकाका एका बोटाने टाइप करत स्वतःचा धडा स्वतः लिहायला लागले. महिन्याभरात. योगिताला तेव्हा इतका आनंद झाला होता की तिने घरी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

मग काकांचा धडा मरायला लागला. फक्त काकांचाच.

स्टॅक ओव्हरफ्लो म्हटलं की कुणीही हेच म्हणणार की एखादं फंक्शन स्वतःलाच बोलावतंय, संपतच नाहीये. योगिताही तेच म्हणाली, पहिल्या दिवशी, फार विचार न करता, आणि मग तेच चालू राहिलं. काका रोज धडा पुसायचे, रोज नव्याने लिहायचे. ती रोज वाचायची आणि तिला त्यात कुठे चूक दिसायची नाही. रोज म्हणायची, "काका, अजून थोडं सोपं करा."

तर त्या दिवशी दीड वाजता विपुलभाई आपल्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. केबिन म्हणजे प्लायवूडचा आडोसा, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं आणि बाहेरचं आत.

"योगिता, त्रण वाग्ये गाडी निकळशे," ते म्हणाले. "तीन म्हणजे तीन. मिलवाला वाट बघतोय. काकांचा धडा अर्धा तास न अटकता चालला तर ठीक. नाहीतर काकांचं ते लुआबिआ सगळं काढून टाक, अक्षयचे धडे दाखवतो. आणि मग..." त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला, पण अशा ऑफिसात आवाज खाली आणून काय होतं. "मग सोमवारपासून काकांना कशाला धावपळ. आराम करू दे ने."

काका कीबोर्डचं एक बटण बोटाने पुसत होते. पुसतच राहिले.

योगिताने डबा उघडला आणि काकांच्या टेबलाशी जाऊन बसली. कळण्याची भाकरी होती, खाल्ली जात नव्हती. पंखा फिरत होता तो फक्त गरम हवा इकडची तिकडे करायला. तिला वाटत होतं, कुणीतरी यावं आणि सांगावं की झालं, संपलं, जा घरी झोप. काय ठरेल ते ठरू दे.

"पोरी," काका हळूच म्हणाले, "सहा करी टाकू का?"

"काय सहा?"

"मशीन. बाराना सहा. सहावर पाऊण घंटा चालस. त्यासनं काम व्हई जाई."

काका घरच्यासारखे अहिराणीतच बोलायचे आणि ती शाळेतल्या मराठीत उत्तर द्यायची, दोघांना सवय होती.

"सुरतमध्ये सहा मशीन कोण देतं कारीगराला? मिलवाले हसतील, काका."

"हसू दे," काका म्हणाले. "हसनात तरी चाली." मग जरा थांबून, "तू थकी गई शे."

खरं सांगायचं तर त्या क्षणी ती हो म्हणणारच होती. सहा मशीन, पाऊण तास, तीन वाजता गाडी, सोमवारचं सोमवारी. पण तोंडात घास होता म्हणून लगेच बोलता आलं नाही, आणि तेवढ्यात तिच्या थकलेल्या डोक्यात एक गोष्ट अडकली.

"सहावर पाऊण तास, हे तुम्हाला कसं माहीत?"

काकांनी खुर्ची जरा मागे सरकवली. टेबलाच्या बाजूच्या लाकडी फळीवर, गुडघ्याशी, खडूने रेघा आणि आकडे. नऊ दिवसांचे.

"सवय शे मन्ही," ते ओशाळून म्हणाले. "मशीन बंद पडनी का खडूनी रेघ मारवानी. किती टाइम चालनी ते लिखवानं."

योगिता डबा बाजूला ठेवून जमिनीवर उकिडवी बसली. बारा, २३. बारा, २३. दहा, २८. आठ, ३५. सहा, ४६. बारा, २३.

अक्षय मागून म्हणाला, "काय गं, काकांच्या पाया पडतेस का?"

ती आकडेच बघत होती. बघा, तुमच्यापैकी कुणी प्रोग्रामिंग केलं असेल तर कळेल, फंक्शन स्वतःला बोलवायला लागलं की गेम डोळ्याची पापणी लवायच्या आत मरतो. तेवीस मिनिटं कशाला थांबेल तो? हे तिला नऊ दिवसांपूर्वीच कळायला हवं होतं. आणि इथे मशीन निम्मी केली तर वेळ दुप्पट. बारा गुणिले तेवीस आणि सहा गुणिले शेहेचाळीस, दोन्ही एकच. म्हणजे कुठेतरी काहीतरी भरत होतं, प्रत्येक मशीनमागे थोडं थोडं, आणि काठापर्यंत आलं की सांडत होतं.

"काका, तुमच्या धड्यात नेमकं काय चालू असतं सारखं?"

"फेरी," काका म्हणाले, हे काय विचारणं झालं अशा आवाजात. "एकपाइन बारापर्यंत, परत एक. तार तुटनी का, कांडीवरना दोरा सरना का."

"आणि अक्षय, तुझ्यात?"

"मी कशाला फिरू? तार तुटली की गेम मला सांगतो, मी उठतो."

"तार तुटाना पहिले दखनं पडस, भो," काका अक्षयला म्हणाले. "सांगाले कोणी येस नही."

तर तिथे फरक होता. अक्षयची स्क्रिप्ट, म्हणजे लुआत लिहिलेला धडा, तासातून चारदा बोलावली जायची. काकांची मात्र सेकंदाला साठ वेळा, प्रत्येक मशीनसाठी वेगळी. गेम विचारणार, या मशीनशी थांबायचं का, आणि स्क्रिप्ट उत्तर देणार, हो किंवा नाही. बारा गुणिले साठ, सातशेवीस उत्तरं दर सेकंदाला. तेवीस मिनिटांत जवळजवळ दहा लाख. आणि लुआच्या स्टॅकची हद्द दहा लाखच.

योगिता आपल्या जागेवर गेली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा तिने काकांची नाही, स्वतःची फाईल उघडली.

स्टॅक म्हणजे, जेवणाच्या पंगतीत ताटांची चळत असते ना, तशी समजा. स्क्रिप्ट उत्तराचं ताट चळतीवर ठेवते, गेमने ते वाचायचं आणि उचलून बाजूला करायचं. उचलायची ओळ योगितानेच लिहायची होती. तिने लिहिली होती. पण ती फक्त चूक झाली तर लागू होती. स्क्रिप्ट चुकली तर ताट उचललं जायचं, आणि सगळं नीट झालं तर ताट तिथेच. काकांचा धडा दर सेकंदाला सातशेवीस वेळा नीट चालत होता, आणि नीट चालून चालूनच मरत होता.

तिला रडू आलं नाही, रडायला पण अंगात काहीतरी लागतं. तिने एक ओळ घातली. स्क्रीनच्या कोपऱ्यात चळतीचा आकडा दिसेल असं केलं. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती, कंपाईलला लावलं, अकरा मिनिटं.

आणि त्या अकरा मिनिटांत तिच्या मनात काय आलं तेही सांगतो. आलं, की कुणाला सांगायचं कारण नाही. काका झालं बघा, चाललं, असं म्हटलं की झालं. काका म्हणतील बरं. त्यांना वाटेल शेवटी आपलंच काहीतरी जुळलं. कुणाचंच नुकसान नाही. ती पंख्याकडे बघत हे सगळं घोळवत राहिली आणि मग बघते तर काका धडा उघडून, गुपचूप, बाराच्या जागी सहा टाइप करत होते.

"काका, ते राहू द्या. बाराच ठेवा."

दोन वीसला धडा सुरू झाला. तिघं एका स्क्रीनसमोर बसले. कोपऱ्यातला आकडा शून्य. मशीन एक, दोन, तीन, फेरी चालू, आकडा शून्य. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आधी दहाव्या मिनिटानंतर गेम जरा जड व्हायचा, आता होत नव्हता.

"काका," योगिता स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "तुमच्या धड्यात काही चूक नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती. माझी एक ओळ राहिली होती."

अक्षयने कोपऱ्यातला आकडा परत एकदा बघितला.

काकांनी पुढच्या तीन-चार मशीनपर्यंत फेरी बघितली. मग म्हणाले, "म्हंजे नऊ दिन... मन्हं काहीच चुकनं नही?"

"नाही."

"मी घर सांगी बठनू," काका म्हणाले, "का मन्हं डोकं आते चालस नही. भागीरथी ब्राह्मीनी बाटली लई उनी. रोज दोन दोन चमचा पाजस माले. कडू जहर."

योगिताने मान खाली घातली. काका रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते स्क्रीनवरची मशीन मोजत बसले, ओठ हलवत.

बावीस मिनिटं. तेवीस. काकांनी खिशातून खडू काढून हातात धरला होता, रेघ मारायला. चोवीस झाली. पंचवीस. रेघ मारायची वेळच येईना. काका खडू तसाच धरून बसले.

तीनला दहा कमी असताना विपुलभाई आले, धडा अजून चालूच. "चाल्यो? वाह काका, भूल पकडी लीधी ने छेवटे?"

"भूल त्यांची नव्हती, विपुलभाई," योगिता म्हणाली. "माझी होती. लुआची नाही, त्यांची नाही. मी जोडताना चुकले."

विपुलभाईंनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "कोनी भूल ते पछी जोईशुं, नंतर बघू," ते म्हणाले आणि लॅपटॉप बंद करायला लागले. मग थांबले. "काका, चंपल घाला. तुम्ही पण चला. मिलवाला विचारेल, कारीगर असा का फिरतो, तर मी काय सांगणार? मला काय येतं?"

"सोमवारी?" काकांनी विचारलं.

"सोमवारी पण या. रोज या. आता चला ने, ट्राफिक लागेल."

काका उठले. दाराशी जाऊन परत फिरले, योगिताच्या टेबलाशी आले, आणि खडू तिच्या कीबोर्डशेजारी ठेवला.

"तू फोन कर मन्हा घर," ते म्हणाले. "मी सांगसू तर तिले खरं वाटाव नही."

गाडीचा आवाज खाली रस्त्यात मिसळून गेल्यावर योगिताने फोन लावला. अंगातलं सगळं निघून गेल्यासारखं झालं होतं, जीभसुद्धा जड. पलीकडे भागीरथीकाकू. योगिताने सगळं सांगितलं, चळत, ताटं, एक ओळ, नऊ दिवस. मध्ये दोनदा चुकलं, परत सांगितलं. काकांचं डोकं अगदी नीट आहे, चूक माझी होती, असं शेवटी सरळ म्हणून टाकलं.

पलीकडे बाटली हलवून बघितल्याचा आवाज आला.

"ब्राह्मीनी अर्धी बाटली बाकी शे," काकू म्हणाल्या. "सांजले ई जाय. तूच लई जाय, तुले लागी."