पहिल्या पानावर वसुंधरा

सकाळी पनवेलच्या वडाळे तळ्याला फेऱ्या मारून झाल्या की विनायकराव कट्ट्यावर बसत, फोन काढत आणि गूगलवर बायकोला शोधत. ती लगेच सापडे. सगळ्यात वर, पहिल्या नंबरावर. मग शेजारी जो कोणी बसला असेल त्याच्या नाकासमोर फोन धरायचा आणि म्हणायचं, "बघा. आमची वेबसाइट."

आमची म्हणजे वसुंधराची. ती ठाण्याला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. ज्या पोरांना नीट ऐकू येत नाही त्यांना बोलायला शिकवायचं, हे तिचं उभ्या जन्माचं काम. निवृत्त झाल्यावर दोघं नवीन पनवेलला राहायला आली, कारण मुलगा आणि सून जवळच खारघरला होते. फ्लॅट हवेशीर होता, लिफ्ट कधी बंद पडत नव्हती, दूधवाला वेळेवर यायचा. आणि वसुंधरा गप्प झाली. भांडण नाही, आजार नाही, नुसती गप्प. भाजी कुठली आणू, तर "कुठलीही." फिरायला येतेस का, तर "तुम्ही जा." विनायकरावांना याची भीती वाटायची. आपली बायको आपल्या डोळ्यांदेखत आत आत चालली आहे आणि आपण इथे पेपर वाचत बसलोय, अशी ती भीती होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे ही वेबसाइट. पनवेल, उरण, खाडीकाठची गावं, एवढ्या मोठ्या मुलखात एकाही पोराला वसुंधराची गरज नसेल? नक्की असेल. त्यांना ती सापडायला हवी, एवढंच. एकदा दारात एक पोर आलं की ही बोलायला लागेल, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या मितेशने ती एका दुपारी उभी करून दिली. तयार साचा होता, त्यात चित्रं ओढायची आणि सोडायची. वर मोठं कमळ फुलायचं, मग वसुंधराचा निरोपसमारंभातला हारासकट फोटो सरकत यायचा. मजकूर मात्र विनायकरावांचा. सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे हात कसा थांबणार? "वाक्-श्रवण विकास मार्गदर्शन केंद्र" असं नाव पडलं, आणि खाली "पालकांस याद्वारे कळविण्यात येते की" अशी सुरुवात झाली. अक्षरं सोनेरी हवीत म्हणून मितेशने सगळा मजकूर एका सुंदर चित्रातच छापून टाकला. वसुंधराला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "छान." आणि कपडे वाळत घालायला गेली.

महिने गेले. पहिला नंबर हलला नाही आणि फोनही वाजला नाही. वाजला तो एकदाच, कर्ज हवंय का विचारायला.

घोळ उघडकीला आणला कुमारने. कुमार त्यांचा फिरण्यातला सोबती, स्वभावाने खवचट. एके दिवशी त्याने स्वतःचाच फोन काढला आणि विनायकराव शोधत तेच शोधलं. वसुंधरा आली नाही. पुढच्या पानावर नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"तुझा फोन जुना झाला रे," विनायकराव म्हणाले.

"गेल्या दिवाळीत घेतलाय," कुमार म्हणाला. "तुझी बायको तुझ्याच फोनवर पहिली आहे, विनू. तिथे तरी असायलाच हवी म्हणा."

रविवारी सून अनुया आली. ती वेबसाइटच्याच धंद्यात होती, पण सासऱ्यांनी तिला विचारलं नव्हतं. घरचा माणूस फुकट राबवायचा नाही, असा त्यांचा बाणा. आता बाणा गुंडाळून त्यांनी फोन पुढे केला. अनुयाने जरा वेळ पाहिलं आणि हसू दाबत म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज हीच साइट उघडता ना? मग फोनला वाटतं, यांना हीच हवी असते. म्हणून तुम्हाला वर दाखवतो. बाकी जगाला दिसत नाही."

विनायकरावांचा चेहरा उतरला. इतके दिवस आपण तळ्याकाठी आरसा घेऊन बसलो होतो, हे त्यांना फार लागलं.

"म्हणजे मितेशने फसवलं?"

"नाही हो. तयार साच्यातसुद्धा चांगली साइट होते. पण त्याने शब्द चित्रात घातलेत. आपल्याला ते वाचता येतात, गूगलला तिथे कमळ दिसतं. शिवाय हे पान उघडायला इतकं जड आहे की गावाकडच्या फोनवर माणूस कंटाळून जाईल." तिने लॅपटॉप उघडला. "तीन रस्ते आहेत. हाच साचा ठेवायचा आणि शब्द मोकळे करायचे. किंवा मी साइटचा सगळा कोड हाताने लिहून देते, हलकंफुलकं, पण मग स्वल्पविराम बदलायलाही माझी वाट बघावी लागेल. किंवा वर्डप्रेस, साइट बनवायची फुकट मिळणारी व्यवस्था. त्यात तुम्ही दोघं स्वतः पानं वाढवू शकाल, प्रत्येक पानाला आपलं शीर्षक, आपला वेब-पत्ता. मला हे तिसरं आवडेल."

"मग पहिला नंबर येईल?"

"रस्ता कुठलाही घ्या बाबा, लोक जे विचारतात तेच पानावर नसेल तर काही येणार नाही. 'वाक्-श्रवण विकास मार्गदर्शन केंद्र' असं कुठली आई शोधेल?"

अनुया स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली, "आई, शाळेत पालक पहिल्यांदा यायचे ना, तेव्हा दारात काय म्हणायचे?"

वसुंधरा मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

"म्हणायचे, बाई, हाक मारली तरी वळून बघत नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि म्हणायचे, त्याला सगळं समजतं हो, फक्त बोलत नाही. हे तर जवळजवळ प्रत्येक आई म्हणायची. आजी बरोबर असेल तर ती सांगायची, याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता. त्या एका वाक्यापायी किती पोरांची वर्षं फुकट गेलीत, तुला सांगते अनुया."

ती ताटली घेऊनच बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. कुणी सांगायचे, फटाक्यांना घाबरत नाही, फार धीट आहे. कुणी म्हणायचे, आमच्यात कुणी असं नाही. एक वडील आले होते, त्यांनी पोराला समोर बसवलं आणि काही म्हणालेच नाहीत, तसेच खाली बघत राहिले. अनुया भराभर टाईप करत होती. विनायकराव ऐकत होते. या घरात इतकी वाक्यं एका दमात कधी ऐकली होती ते त्यांना आठवेना. चहा करायला उठावं असं वाटलं, पण उठलो तर ही थांबेल म्हणून ते जागचे हलले नाहीत.

तीच वाक्यं शीर्षकं झाली. 'मूल हाक मारली तरी वळून बघत नाही.' 'मुलगी बोलत नाही, काय करू?' 'आजी म्हणते, बापही उशिरा बोलला होता.' एकेका वाक्याला एकेक साधं पान, कमळ नाही, हार नाही. उत्तरं वसुंधराने सांगायची आणि विनायकरावांनी टाईप करायची असं ठरलं. तिथे मात्र ठिणगी पडली, कारण प्रत्येक पानावर वसुंधराचं पहिलं वाक्य एकच होतं: आधी सरकारी किंवा कुठल्याही चांगल्या दवाखान्यात मुलाचे कान तपासून घ्या, थांबू नका.

"अगं, मग ते परस्पर तिकडेच जातील. आपल्याकडे कशाला येतील?"

"न येवोत."

"आणि आपण ही सगळी खटपट कशासाठी करतोय?"

वसुंधराने त्यांच्याकडे पाहिलं. "मूल बोलावं म्हणून," ती म्हणाली. "लिहा."

मी तुझ्यासाठी करतोय, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते त्यांनी गिळलं आणि लिहिलं. त्या संध्याकाळी ती पुन्हा फारसं बोलली नाही, पण झोपण्याआधी येऊन म्हणाली, "उद्या ते फटाक्यांचं पान घेऊ या." विनायकरावांना तेवढंही खूप वाटलं.

पुढे दिवस तसेच गेले. आता विनायकराव स्वतःच्या फोनवर विश्वास ठेवत नसत, कुमारचा मागून घेत. दिवाळीनंतर कधीतरी 'मूल वळून बघत नाही' असं शोधून कुमारच ओरडला, "विनू, आली रे तुझी बायको पहिल्या पानावर!" खरंच आली होती, चौथ्या जागेवर, मोठमोठ्या दवाखान्यांच्या खाली. अनुया म्हणाली, लोक पानं वाचताहेत, अगदी शेवटपर्यंत वाचताहेत. फोन मात्र नाही.

"वाचतात आणि जातात," विनायकराव जेवताना कुरकुरले.

"दवाखान्यात जात असतील," वसुंधरा म्हणाली आणि त्यांना आमटी वाढली. तिच्या आवाजात समाधान होतं, पण ते आमटी नुसती ढवळत राहिले. जगातली पोरं बोलतील हो, पण हिचं काय?

उन्हाळा तोंडावर आला असताना एका दुपारी बेल वाजली. दारात एक तरुण बाई उभी होती, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. मुलीच्या दोन्ही कानांमागे गुलाबी यंत्रं होती.

"वसुंधराबाई हितंच राहतात ना? तुमच्या पानावर ह्योच पत्ता हाय. मी भावना. आमी करंज्यावरनं आलो, उरणच्या फुडं."

विनायकराव इतके गडबडले की त्यांनी तिला आधी सरबत हवं का विचारलं आणि मग आत या म्हणाले. वसुंधरा बाहेर आली. भावना तिच्याकडे बघतच राहिली.

"बाई, मला टाईप कराया जमत नाय. मी फोनला तोंडानंच विचारलं, पोरगी हाक मारली तरी बगत नाय. तर तुमची पानं आली. सासू म्हनायची, थांब गं, हिचा बापूस पन उशिराच बोलला. आनि तुमी सासूचंच बोलनं लिवलेलं! मी तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तीच उठून म्हनली, चल, कान तपासू." भावनाने मुलीच्या कानामागचं यंत्र नीट केलं. "नाय ऐकू येत बाई हिला. थोडंच येतं. आता ही मशिनं बसवलीत. डाक्टर म्हनले, आता शिकवाया कोन तरी पायजे. मी म्हनलं, मला ठाव हाय कोन."

वसुंधराने मुलीला कडेवरून घेतलं. "नाव काय हिचं?"

"रेवा."

वसुंधरा तिला घेऊन सतरंजीवर बसली, तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन. "रेवा," तिने स्पष्ट हाक मारली. मग टाळी वाजवली, डबा वाजवला, पुन्हा हाक मारली. मुलीचा हात तिने आपल्या गळ्यावर ठेवला आणि लांब सूर लावला. रेवा नुसती बघत राहिली. वसुंधराने मागे वळून पाहिलं.

"अहो, इकडे या. पुरुषाचा आवाज जास्त घुमतो, तिला हाताला लवकर कळेल. खाली बसा."

विनायकराव गुडघे सांभाळत खाली बसले. वसुंधराने रेवाचा तळवा त्यांच्या गळ्यावर टेकवला. तो ऊन आणि किंचित चिकट होता.

"बोला."

"काय बोलू?"

"काहीही. एरवी थांबता का कधी?"

त्यांनी तोंड उघडलं. पण समोर वसुंधरा होती, पदर खोचलेली, डोळे त्या पोरीवर खिळलेले, हात सुरांबरोबर हलणारे. किती दिवसांनी ती पूर्णच्या पूर्ण इथे होती. विनायकरावांना आवाज फुटेना. त्यांनी आवंढा गिळला. रेवाच्या तळव्याखाली तो वर झाला, खाली झाला. ती गंभीरपणे वाट बघत राहिली.

वसुंधराने मान वर केली. नवऱ्याचे डोळे तिने पाहिले आणि तिला सगळं कळलं. मग ती त्यांच्याकडे झुकली आणि इतक्या वर्षांत न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला जसं सांगत आली होती तसंच, हळू, म्हणाली, "घाई नाही. जमेल."

"वसुंधरा," विनायकराव म्हणाले.

रेवाचे डोळे मोठे झाले. तिने आपल्या तळव्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि हात पुन्हा त्यांच्या गळ्यावर घट्ट दाबला.

"तिला अजून हवंय," वसुंधरा म्हणाली. "पुन्हा म्हणा."