रंगाखालची फळी

मी एक जुना बँडस्टँड आहे, मित्रांनो. बागेच्या मधोमध आठ खांबांवर उभा आहे. माझी गोष्ट मान वर करून सांगावी अशी नाही, तरी सांगतो.

गावातल्याच सुतारांनी मला बांधलं. खाली लाकडी फळ्या, वर पत्र्याचं छप्पर. दर रविवारी संध्याकाळी बँड वाजे आणि छपराखाली सूर असा घुमे की फाटकाबाहेरचा आइस्क्रीमवालाही पायाने ठेका धरी. लोक वादकांचं कौतुक करत आणि मी ते आपलंच समजून शेफारत असे. मोठा ढोल वाजवणारे ढोलकाका मात्र आधी माझ्या खांबावर थाप मारून विचारत, "काय रे, बरा आहेस ना?" दुसऱ्या कुणी कधी विचारलं नाही.

पुढे मला वाळवी लागली. ढोलकाकांची मुलगी सुतारकाम करते. तिने खाली वाकून पाहिलं आणि बाग समितीच्या अध्यक्षांना सांगितलं, "आधी फळ्या बदला. आतून नुसता भुगा झालाय."

"अहो, बागेचा वर्धापनदिन तोंडावर आलाय," अध्यक्ष म्हणाले. "सध्या रंग मारून घेऊ. फळ्यांचं नंतर बघू."

हिरवापांढरा रंग लागताच मी हुरळून गेलो. वर्धापनदिनाला लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. ढोलकाका गळ्यात ढोल अडकवून वर आले. त्यांचा पाय नेमका पोकळ फळीवर पडला. मी करकरलो असतो, तर ते थबकले असते. पण सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी अंग आवळून गप्प राहिलो.

फळी मोडली. ढोलकाका मांडीपर्यंत आत गेले. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

मग मुलीने एकेक फळी उपटून नवी बसवली. काम करताना ती मला शिव्या घालत होती. काठी टेकत आलेले ढोलकाका म्हणाले, "त्याला कशाला बोलतेस? त्या बिचाऱ्याला सांगता येतंय का?"

मित्रांनो, मला सांगता येत होतं. त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा बँड पुन्हा वाजला. ढोलकाका पायरीपाशी आले, पाय उचलला आणि परत खाली ठेवला. "मी इथूनच ऐकतो," ते म्हणाले आणि समोरच्या बाकावर बसले. ढोल दुसऱ्याने वाजवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग देण्याआधी जरा खाली वाकून बघा. आणि तुमचंच काही दुखत असेल, तर चारचौघांत लाज वाटली तरी सांगून टाका. मी तेवढं केलं असतं, तर माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस आज बाकावर बसला नसता.